व्यवसायासाठी स्वतःचे फोटो: हेडशॉट आणि ब्रँडिंग शूट पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

कुणाच्या तरी लग्नात काढलेला ग्रुप फोटो. त्यातून चेहरा तेवढा कापून घेतलेला, आणि कडेला शेजारच्याचा अर्धा खांदा अजून दिसतोय. कितीतरी मेहनती व्यावसायिक वर्षानुवर्षं हाच फोटो वेबसाइटवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, लिंक्डइनवर वापरत असतात. काम चोख, शब्दाला पक्के, पाटीचा रंगसुद्धा चार जणांना विचारून ठरवलेला. स्वतःच्या चेहऱ्याची वेळ आली की मात्र "चालतंय की" म्हणून विषय संपतो. मी माणसांचे फोटो काढतो, आणि हे बघून मला मनापासून वाईट वाटतं. कारण नवं गिऱ्हाईक पाटीच्या आधी चेहरा बघतं.

२००६ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी चेहरा सेकंदाचा फक्त दहावा भाग दाखवला, तरी बघणारा त्या माणसावर विश्वास टाकावा की नाही याचं मत बनवून मोकळा होतो. जास्त वेळ बघू दिलं, तर मत फारसं बदलत नाही, उलट त्याबद्दलची खात्री वाढते. ते मत बरोबर असेलच असं नाही. पण ते बनतं, आणि आपण समोर नसताना बनतं.

म्हणून फोटो चांगला की वाईट हे ठरवायची माझी कसोटी अगदी साधी आहे. फोटो पाहून आलेला माणूस दारातून आत शिरला, तर दहा जणांतून तो सरळ तुमच्याकडे आला पाहिजे. ओळख पटली पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: फोटो लागणार कुठे, ते आधी लिहून काढा

हेडशॉट आणि ब्रँडिंग फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेडशॉट म्हणजे छातीपासून वरचा, साध्या बॅकग्राउंडवरचा एकट्या चेहऱ्याचा फोटो. "हा माणूस कोण?" एवढ्याच प्रश्नाचं तो उत्तर देतो. ब्रँडिंग फोटोंत तुम्ही काम करताना दिसता: तुमचे हात, हत्यारं, टेबल, माल, तुमच्याशी बोलणारा ग्राहक. "हा माणूस काय करतो आणि कसं करतो?" हे त्यातून कळतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी हेडशॉट करून घ्यावा. ब्रँडिंग शूट चार-सहा महिन्यांनी केलं तरी बिघडत नाही, किंबहुना कामाची घडी बसल्यावर केलेलं जास्त बरं.

एका बैठकीत वेगवेगळ्या वापराचे फोटो काढून घ्यायची युक्ती जुनी आहे. पॅरिसमधल्या आंद्रे दिस्देरी या फोटोग्राफरने १८५४ मध्ये एकाच काचेच्या प्लेटवर अनेक छोटे फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. ते भेटकार्डाएवढ्या जाड कागदावर चिकटवून लोक एकमेकांना देऊ लागले, आणि फोटो एकदम स्वस्त झाला. तुम्हीही तसाच विचार करा. एकदा नीट तयार होऊन बसलात, की त्यातून काय काय निघायला हवं?

कागदावर ठिकाणं लिहा. प्रोफाइलचा छोटा गोल, वेबसाइटचा वरचा आडवा पट्टा, व्हिजिटिंग कार्ड, एखाद्या कार्यक्रमाचं पत्रक, वर्तमानपत्राने अचानक मागितला तर द्यायचा फोटो. प्रत्येकाचा आकार वेगळा. गोलात चारही कोपरे कापले जातात, म्हणून डोक्याभोवती थोडी मोकळी जागा हवी. आडव्या पट्ट्यात तुम्ही एका बाजूला आणि उरलेली जागा मजकुरासाठी रिकामी, असा फोटो लागतो. तो मुद्दाम तसा काढावा लागतो, नंतर उभ्या फोटोतून ओढूनताणून निघत नाही. छापायचं असेल तर इंचाला ३०० ठिपके हा नेहमीचा हिशेब धरा, म्हणजे ८ बाय १० इंचाच्या छपाईला २४०० बाय ३००० पिक्सेल. लिंक्डइनच्या प्रोफाइलला ४०० बाय ४०० पिक्सेल पुरतात.

ही यादी फोटोग्राफरला शूटच्या आधी पाठवा. एवढ्या एका कागदाने अर्धा गोंधळ कमी होतो.

दुसरी पायरी: फोटोग्राफर निवडताना

प्रत्येकाच्या पोर्टफोलिओत वीस माणसांचे वीस उत्तम फोटो असतात. त्यावर भुलू नका. एकाच माणसाच्या एकाच शूटमधले दहा-बारा फोटो दाखवायला सांगा. एक फोटो नशिबाने चांगला येतो, सलग दहा मात्र कसबाशिवाय येत नाहीत. शिवाय तुमच्यासारख्या माणसांचे फोटो त्याने काढलेत का ते बघा: तुमच्या वयाचे, तुमच्या वर्णाचे, चष्मा असेल तर चष्मेवाले. सावळ्या त्वचेवर उजेड कसा टाकायचा हे ज्याला कळत नाही, तो नंतर कॉम्प्युटरवर चेहरा उजळवून ठेवतो. दारात उभा राहिलेला माणूस मग वेगळाच दिसतो.

बोलणी करताना चार गोष्टी स्पष्ट विचारा. तयार फोटो किती मिळणार, किती दिवसांत मिळणार, रिटचिंग (म्हणजे काढलेल्या फोटोवर कॉम्प्युटरवर केलेली डागडुजी) किती आणि कशाचं, आणि ते फोटो तुम्ही कुठे कुठे वापरू शकता. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. फोटोचे हक्क काढणाऱ्याचे की पैसे देऊन काढून घेणाऱ्याचे, याचा कायदा प्रत्येक देशात सारखा नाही. म्हणून वेबसाइट, छपाई, जाहिरात या सगळ्यासाठी किती काळ वापर चालेल ते दोन ओळींत लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजपेक्षा कागद किंवा ईमेल बरा.

कॅमेऱ्यातल्या कच्च्या रॉ फाइली मात्र हट्टाने मागू नका. बहुतेक जण त्या देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. कुठलाही शिंपी टाके घातलेला अर्धवट कपडा गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत नाही.

फोटोग्राफर परवडत नसेल तर

फोनवर चांगला हेडशॉट निघू शकतो, फक्त सेल्फी काढू नका. कारण अंतराचं आहे. हात लांब करून फोन धरला आणि नाकाचं टोक त्यापासून ३० सेंटीमीटरवर आहे असं धरा. कान त्याच्या मागे साधारण १२ सेंटीमीटर, म्हणजे फोनपासून ४२ वर. नाकापेक्षा कान तब्बल ४० टक्के लांब पडले. त्यामुळे नाक मोठं, कान बारीक आणि कपाळ फुगीर दिसतं. आता फोन दोन मीटरवर न्या. नाक २०० वर, कान २१२ वर. फरक राहिला फक्त ६ टक्के, आणि चेहरा लोकांना समोरासमोर दिसतो तसा दिसू लागला.

म्हणून फोन दुसऱ्याच्या हातात द्या किंवा स्टँडवर लावून टायमर वापरा. मागचा कॅमेरा घ्या, दीड-दोन मीटर लांब ठेवा, आणि फोनमध्ये दुप्पट जवळ दाखवणारी (२x) वेगळी लेन्स असेल तर ती लावा. लेन्स आधी पुसून घ्या. दिवसभर खिशात राहिलेल्या फोनच्या काचेवर बोटांचा तेलकट थर असतो आणि सगळा फोटो धुरकट येतो.

स्वतःचा कॅमेरा असेल तर फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८५ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक एफ/४ ते एफ/५.६, शटर सेकंदाच्या १/१६० च्या आसपास, आणि फोकस जवळच्या डोळ्यावर. एफ/१.४ चा मोह टाळा. हा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं आणि फोटोतला धारदार भाग कमी. एक डोळा धारदार आणि दुसरा धूसर, असा फोटो कलात्मक वाटेलही, पण व्यवसायाच्या कामाचा नाही.

तिसरी पायरी: कपडे, केस, चष्मा

रोज ग्राहकांना भेटताना जे घालता, त्यातलं सर्वांत नीटनेटकं घाला. कोट कधीच घालत नसाल तर फोटोसाठी उसना आणू नका. खांद्यांवर तो परका दिसतो. गणवेश किंवा एप्रन हा तुमचा रोजचा वेश असेल तर अभिमानाने तोच घाला.

एकरंगी कपडे सगळ्यांत सोपे. बारीक रेघा आणि बारीक चौकटी टाळा, कॅमेऱ्याच्या सेन्सरवर त्यातून लहरींसारखे विचित्र पट्टे उमटतात. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा शर्ट आणि काळ्या पडद्यासमोर काळा, म्हणजे नुसतं तरंगणारं डोकं. कपडा इस्त्री करून हँगरवरच आणा, अंगावर घालून प्रवास केला की पोटाजवळ घड्या पडतात. आणि जोडीला दुसऱ्या रंगाचा एक कपडा असू द्या.

कॉलरकडे नीट बघा. २७ फेब्रुवारी १८६० ला न्यूयॉर्कमध्ये मॅथ्यू ब्रेडी यांनी अब्राहम लिंकन यांचा फोटो काढला, तेव्हा लिंकन अजून अध्यक्ष झाले नव्हते. त्यांची मान फार लांब दिसत होती, म्हणून ब्रेडी यांनी त्यांची कॉलर वर ओढून घेतली. तेवढ्याने चित्र बदललं. तो फोटो पुढे निवडणुकीच्या काळात सगळीकडे छापला गेला. तुमची मान आखूड असेल तर उलटं करा: कॉलर उघडी ठेवा, गळा थोडा मोकळा दिसू द्या. शर्ट ढगळ असेल तर पाठीमागून दोन चिमटे लावले की समोरून बेतलेला दिसतो. स्टुडिओत चिमट्यांचा डबा कायम हाताशी असतो तो याचसाठी.

केस आदल्या दिवशी कापू नका. पाच-सहा दिवस आधी कापले की बसतात. नवी क्रीम, नवा साबण, नवी दाढीची पद्धत, यातलं काहीही त्या आठवड्यात नको. घाम किंवा तेल टिपायला साधे टिश्यू पुरतात. पुसू नका, फक्त दाबून टिपा. रगडलं तर चेहरा लाल होतो आणि तो लालपणा वीस मिनिटं जात नाही.

चष्मा रोज लावत असाल तर लावूनच फोटो काढा. लोक तुम्हाला चष्म्यासकट ओळखतात. मात्र उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा असतील तर जुना साधा चष्मा सोबत आणा. बाहेरच्या उजेडात त्या काचा गडद होतात आणि डोळे हरवतात. काचेवर खिडकीचं प्रतिबिंब येत असेल तर चष्मा काढायची गरज नाही. काड्या कानांवरून बोटाच्या एका पेराएवढ्या वर उचला. काचा थोड्या खाली झुकतात आणि तो पांढरा चौकोन गालावरून घसरत निघून जातो. समोरून बघणाऱ्याला काड्या उचलल्याचं कळतही नाही.

चौथी पायरी: उजेड

महागड्या दिव्यांशिवायही एक उत्तम दिवा प्रत्येकाकडे आहे, तो म्हणजे खिडकी. थेट ऊन आत येत नसलेली मोठी खिडकी शोधा. ऊन येतच असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. उजेडाचा उगम जितका मोठा आणि जितका जवळ, तितक्या सावल्या मऊ, हा यातला मूळ नियम. म्हणून ढगाळ दिवस फोटोसाठी वाईट नसतो. सगळं आभाळच दिवा झालेलं असतं.

खिडकीपासून साधारण एक मीटरवर उभे राहा आणि शरीर खिडकीच्या तिरकस ठेवा, जेणेकरून उजेड एका बाजूने आणि जरा वरून येईल. आता खोलीतले सगळे दिवे बंद करा. ही पायरी हमखास राहून जाते. उजेड किती निळसर की पिवळा हे रंग-तापमानाने मोजतात: दिवसाच्या उजेडाचं साधारण ५५०० केल्विन, घरातल्या पिवळ्या बल्बचं २७०० ते ३०००. दोन्ही एकत्र पडले की एक गाल निळसर, दुसरा पिवळा, आणि नंतर कितीही दुरुस्ती केली तरी दोन्ही एकदम सरळ होत नाहीत.

खिडकीच्या विरुद्ध बाजूचा गाल फार काळा पडत असेल तर त्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, थर्माकोलची पांढरी शीट कुणाला तरी धरायला सांगा. ती जवळ आणली की सावली उजळते, लांब नेली की गडद होते. हे हळूहळू करून बघा. चेहरा दोन्हीकडून सपाट उजळला तर तो कागदासारखा दिसतो, थोडी सावली राहिली तर हाडापेराचा दिसतो. ती सावली मारू नका.

मग डोळ्यांत बघा. बुबुळात वरच्या अंगाला खिडकीचा छोटा पांढरा ठिपका दिसतोय ना? तो नसेल तर डोळे विझल्यासारखे वाटतात. डोकं किंचित वर किंवा खिडकीकडे वळवलं की तो येतो. बाहेर फोटो काढायचा असेल तर दुपारचं डोक्यावरचं ऊन टाळा, भुवयांखाली खड्डे पडतात. दाट झाडाखाली हिरवट छटा चेहऱ्यावर उतरते, भडक रंगाच्या भिंतीशेजारी तिचा रंग.

बॅकग्राउंडपासून दीड-दोन मीटर पुढे उभे राहा, म्हणजे मागे तुमची सावली पडत नाही आणि भिंतीचे पोपडे धूसर होतात. डोक्यातून उगवलेला खांब किंवा फ्रेमची कड तेवढी तपासून घ्या.

पाचवी पायरी: चेहरा सुटणं

जवळजवळ प्रत्येक जण आल्या आल्या सांगतो, "माझे फोटो चांगले येत नाहीत हो." यामागे एक सरळ कारण आहे. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, म्हणजे उलटं. भांग उलट बाजूला, तीळ उलट गालावर. १९७७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात माणसांना त्यांचा सरळ फोटो आणि आरशासारखा उलटा फोटो शेजारी ठेवून दाखवला. त्यांना स्वतःला उलटा जास्त आवडला आणि त्यांच्या जवळच्यांना सरळ. म्हणजे फोटोत तुम्हाला जे "काहीतरी चुकलंय" वाटतं, ते इतरांना रोज दिसणारं, त्यांच्या ओळखीचं तुमचं रूप असतं. हे मी शूटच्या आधीच सांगतो. बऱ्याच जणांचे खांदे तिथेच खाली येतात.

आता शरीर. वजन मागच्या पायावर, खांदे कॅमेऱ्याला थोडे तिरके, चेहरा कॅमेऱ्याकडे. मान पुढे काढायची आणि मग हनुवटी किंचित खाली. कासव कवचातून डोकं बाहेर काढतं, तशी मान सरळ पुढे. करताना फार अवघडल्यासारखं वाटतं, पण समोरून जबड्याची रेघ एकदम स्पष्ट होते आणि हनुवटीखालचा भाग गायब होतो. घरी आरशासमोर पाच मिनिटं सराव करा, बाजूने कुणाला तरी बघायला सांगा. डोळे मोठे करू नका. घाबरल्यासारखे दिसतात. खालची पापणी हलकेच आवळायची, वरची तशीच ठेवायची. दूरची पाटी वाचताना नकळत होतं ना, तेवढंच.

आणि श्वास सोडा. कॅमेरा समोर आला की माणूस श्वास रोखून धरतो, आणि ते गळ्याच्या शिरांमध्ये दिसतं.

पण खरं काम यापुढे आहे, आणि ते सूचना देऊन होत नाही. एकदा पाण्याचे पंप दुरुस्त करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. पस्तीस मिनिटं झाली, शंभरेक फोटो झाले, सगळे ओळखपत्रासारखे. ओठ घट्ट, हात मांड्यांना चिकटलेले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कामावरचा मुलगा कुठेतरी व्हॉल्व्ह उघडून बसला होता आणि पाणी थांबत नव्हतं. त्यांनी फोन खांदा आणि कानाच्या मध्ये पकडला, दोन्ही हात मोकळे केले आणि हवेतच व्हॉल्व्ह फिरवून दाखवायला लागले. "अरे उलटा नको. उलटा नको. अंगठ्याने दाब, हां, आता पाव फेरा." उजव्या हाताचा अंगठा खरंच दाबलेला, नखाभोवती ग्रीसची काळी रेघ, डोळे समोरच्या कुठल्याही वस्तूवर नाहीत, पूर्ण त्या लांबच्या पंपावर. पाणी थांबलं असावं, कारण त्यांच्या भुवया एकदम सैल झाल्या आणि चेहऱ्यावर हसू यायच्या आधीचं एक समाधान पसरलं. मी तेवढे चार फोटो घेतले. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "काका, आत्ता त्याला जे सांगितलंत ते मला सांगा, मला काहीच येत नाही असं समजून." ते सांगू लागले. पुढच्या दहा मिनिटांत सगळं शूट झालं.

तेव्हापासून मी "हसा" हा शब्द वापरत नाही. तुमचा फोटोग्राफर सारखं "स्माइल, स्माइल" करत असेल तर त्याला सांगा, "मला माझ्या कामाबद्दल काहीतरी विचारा." फोनवर स्वतःच काढत असाल तर समोर असा माणूस उभा करा ज्याला तुम्ही खरंच काही समजावून सांगू शकता. वाक्य संपतं, तुम्ही थांबता, समोरच्याला कळलं का ते बघता. त्या थांबण्यात फोटो असतो.

पहिली पंधरा मिनिटं कुणाचीच चांगली येत नाहीत, ती गृहीत धरा. लगेच पुढे महत्त्वाची मीटिंग ठेवू नका, नाहीतर डोळ्यांत घड्याळ दिसतं. मधेच पाच-सहा फोटो स्क्रीनवर बघून घ्या आणि काय खटकतंय ते तिथेच बोला. घरी गेल्यावर खटकलं तर उपाय नाही.

सहावी पायरी: कामाच्या जागेवरचं ब्रँडिंग शूट

इथे बहुतेकांचा एकच घोटाळा होतो. दिवसभर लाकूड तासणारा माणूसही लॅपटॉपसमोर बसून स्क्रीनकडे बघत हसतो. लॅपटॉप हे तुमचं हत्यार असेल तर ठीक, नसेल तर तो फोटो कुणाचाही असू शकतो.

आदल्या दिवशी तुमचं एक काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत मनात चालवून बघा. ग्राहक येतो, तुम्ही ऐकता, माप घेता किंवा नोंद करता, माल निवडता, हात चालतात, तपासता, सोपवता. यातले कुठले क्षण डोळ्यांना दिसण्यासारखे आहेत? तेवढीच तुमची यादी. हिशेबनीसाच्या कामात हत्यारं दिसत नाहीत, पण ग्राहकासमोर कागद फिरवून एका आकड्यावर पेन ठेवून समजावणं दिसतं. सल्लागाराचं ऐकणं दिसतं. प्रत्येक क्षणाचे तीन फोटो घ्यायला सांगा: लांबून सगळी जागा, मधून तुम्ही, आणि अगदी जवळून हात. हातांच्या फोटोंना माझ्या लेखी फार मोल आहे. बोटांवरचा घट्टा, सुईचं टोक, खडूची पूड, हे उसनं आणता येत नाही.

नखं स्वच्छ असावीत, पण कामाच्या खुणा घासून काढू नका.

जागा आवरताना सगळं लपवायचं नसतं. वायरींचा गुंता, जुनी कॅलेंडरं, रिकामे खोके बाजूला करा, कामाची वस्तू जागच्या जागी राहू द्या. भिंतीवरचे कागद आणि कॉम्प्युटरची स्क्रीन मात्र नीट तपासा. ग्राहकांची नावं, फोन नंबर, पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी फोटोत स्पष्ट वाचता येते. यंत्रावर काम असेल तर हेल्मेट, हातमोजे, गॉगल, जे नियमाने लागतं ते सगळं घालूनच फोटो काढा. जाणकार ग्राहक पहिलं तेच बघतो. सहकारी किंवा ग्राहक फ्रेममध्ये येणार असतील तर त्यांना आधी विचारा, फोटो कुठे लागणार ते सांगा आणि संमती लिहून घ्या. कुणी नको म्हटलं तर पुन्हा आग्रह करू नका.

खोलीतले एलईडी दिवे काही वेळा फोटोत आडवे पट्टे पाडतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यावर ते बहुधा जातात.

सातवी पायरी: निवड आणि रिटचिंग

त्याच रात्री निवड करायला बसू नका. दोन दिवस जाऊ द्या. मग दहा फोटो वेगळे काढा आणि घरच्यांना नव्हे, जुन्या ग्राहकांपैकी दोघा-तिघांना दाखवा. घरचे तुम्ही सुंदर दिसता का ते बघतात, ग्राहक तुम्ही तुमच्यासारखे दिसता का ते. "यातला कुठला मीच वाटतो?" एवढंच विचारा. निवडलेला फोटो फोनवर अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. तेवढ्या आकारात चेहरा कळला नाही, तर जरा जवळून क्रॉप करा.

रिटचिंगचा माझा नियम: दोन आठवड्यांत आपोआप जाणारी गोष्ट काढायची, राहणारी ठेवायची. पुटकुळी, दाढीचं कापलेलं, शर्टावरचा दोरा जाऊ द्या. तीळ, व्रण, डोळ्यांच्या कडेच्या हसण्याच्या रेघा राहू द्या. डोळ्यांखालची काळी वर्तुळं हलकी करा, पुसू नका. त्वचेची छिद्रं दिसली पाहिजेत. मेणासारखा गुळगुळीत चेहरा बघून लोक माणसाबद्दल नव्हे, फोटोबद्दल विचार करायला लागतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चार सेल्फींवरून बनवलेल्या हेडशॉटबद्दल आता सगळेच विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: व्यवसायासाठी वापरू नका. त्यात जबडा थोडा दुसऱ्याचा, दात सरळ केलेले, तीळ गायब आणि कधीही न घातलेला कोट असतो. गिऱ्हाईक प्रत्यक्ष भेटतं तेव्हा त्याला नेमकं काय वेगळं आहे ते सांगता येत नाही, पण काहीतरी वेगळं आहे हे जाणवतं. पहिल्याच भेटीत ही शंका कशाला?

फाइली दोन प्रतींत मागा: छपाईसाठी पूर्ण आकाराची, वेबसाठी छोटी आणि एसआरजीबी रंगातली (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगपद्धत), नाहीतर काही स्क्रीनवर चेहरा फिका किंवा भडक दिसतो. फाइलला कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांऐवजी तुमचं नाव, व्यवसाय आणि वर्ष द्या. दोन वेगळ्या ठिकाणी साठवून ठेवा.

मग एक सकाळ मोकळी ठेवा आणि सगळीकडचा फोटो एकाच दिवशी बदला. वेबसाइटवर एक चेहरा, व्हॉट्सअ‍ॅपवर सात वर्षांपूर्वीचा दुसरा, असं असलं की नवा माणूस नंबर बरोबर आहे का म्हणून थबकतो. कुठे कुठे बदलला ती ठिकाणं पहिल्या पायरीच्या त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांनी, किंवा त्याआधी दाढी ठेवलीत, केस पिकू दिलेत, चष्मा लागला, तर तो कागद पुन्हा काढावा लागणार आहे.